अठरा ट्रे आणि एक भोपळा

टीव्हीवर एका बाईने रताळी, लाल भोपळा आणि सफरचंद गुळात घोळवून ओव्हनमध्ये भाजले आणि बमरोलीच्या वस्तीतल्या योगिताच्या डोक्यात ते शिरले.

नऊ वर्षे तिच्या सासूबाईंनी, धुरपदाबाईंनी, तिला स्वयंपाकघरात फक्त भाकरी थापण्यापुरते येऊ दिले होते. मीठसुद्धा त्या स्वतः टाकत. योगिता "हे मी करते" म्हणाली तेव्हा त्यांनी आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग म्हणाल्या, "करी दखाड. जमनं तं दिवाईनं सैपाकघर तुनं. नई जमनं तं परत नाव काढानं नई."

सफरचंदाऐवजी पेरू चालला, पण ओव्हनऐवजी काय? उरली नटुभाईंची बेकरी. दिवाळी आठवड्यावर आलेली, वस्तीतल्या बायका घरून नानकटाईचे ट्रे भरून रांगेत उभ्या. नटुभाईंचा कायदा कडक होता. या दिवसांत भट्टीत नानकटाईशिवाय काही जाणार नाही.

योगिताने रताळी, भोपळा, पेरू या तिन्हींच्या नानकटाईएवढ्या गोल चकत्या कापल्या, गूळ-बडीशेपेत घोळवल्या, वरून रवा भुरभुरवला आणि प्रत्येकीवर एक चारोळी चिकटवली. ट्रे बेकरीत नेताना देखरेखीला धुरपदाबाई सोबत होत्याच.

"बेन, कलर थोडा लाल छे," नटुभाई म्हणाले.

"गुळाची आहे," योगिता म्हणाली. हे काही खोटे नव्हते. ट्रे आत गेला.

भोपळ्याने मात्र आत इतकी वाफ सोडली, की शेजारच्या अठरा ट्रेंमधल्या नानकटाया पसरल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाहेर आल्या तेव्हा प्रत्येक ट्रेमध्ये एकच नानकटाई होती, ट्रेएवढी.

"ये सब्जी किसने घुसाई?" नटुभाईंनी लाल ट्रे वर धरला.

सर्वांत आधी धुरपदाबाई बोलल्या. "हाऊ ट्रे आमना नई शे."

योगितानेही नकारार्थी मान हलवली. आपल्या हाताने आपल्याच स्वयंपाकघरावर पाणी सोडले.

तेवढ्यात शेजारच्या कलाबाईंनी रागारागाने एक चकती तोंडात टाकली, पुरावा तपासायला. चघळता चघळता त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी दुसरी घेतली.

"आता नीट बघितलं तर ट्रे माझाच वाटतोय," त्या म्हणाल्या.

मग रांगेतल्या सुवर्णाने चव घेतली आणि तो तिचा निघाला. पाच मिनिटांत बेवारस ट्रेला अकरा मालकिणी झाल्या.

"तो बोलो, अंदर क्या डाला?" नटुभाईंनी विचारले.

"गाजर," कलाबाई म्हणाल्या.

"आंबा," सुवर्णा म्हणाली, ऐन ऑक्टोबरात.

धुरपदाबाईंना हे सहन होईना. घरातले कौतुक शेजारणीने पळवायचे म्हणजे काय? "मन्ही सूननी करेल शे ते," त्या गरजल्या. "पेरू शे त्यामा, भोपया शे. इचारा तिले."

योगिताचे डोळे भरून आले. सासूबाई पहिल्यांदाच चारचौघांत तिच्या बाजूने बोलल्या होत्या. मग तिच्या लक्षात आले, की अठरा बायका आपल्याकडेच बघत आहेत.

बराच गलका होऊन निकाल लागला. अठरा घरांची नानकटाई योगिताने पुन्हा मळून द्यायची, उद्या सकाळपर्यंत.

संध्याकाळी ओट्यावर, ओट्याखाली आणि खिडकीत मैद्याचे, तुपाचे, साखरेचे डबे येऊन बसले. धुरपदाबाईंनी शेगडीसमोरचा आपला पाट उचलला.

"मी बोलेल शब्द पायस," दिलेल्या शब्दाला जागत त्या प्रेमाने म्हणाल्या. "सैपाकघर आजपाईन तुनं."

आणि पाट घेऊन कलाबाईंच्या ओसरीवर गप्पा मारायला निघून गेल्या.