रांगताना तापणारी मोटार

रस्त्याच्या कडेला वाफ सोडीत उभी असलेली मोटार दिसली की अण्णा सबनीस लग्नाची पंगतदेखील विसरत. कोटाच्या बाह्या मागे सारून ते तिच्यापाशी जात आणि घाबरलेल्या मालकाला पहिला प्रश्न विचारीत, "धावताना तापते, की रांगताना?"

मालक बुचकळ्यात पडे. त्याचा हात पाण्याच्या टाकीच्या झाकणाकडे गेलाच, तर अण्णा त्यावर चापटी मारीत. "उघडू नका! तोंड भाजेल. आधी निवू द्या. ताप हा रोग नव्हे हो, निरोप आहे!"

अण्णा गिरगावात आमच्या वाडीत राहत. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. पेशाने ते शाळेतील चित्रकला-शिक्षक, आता निवृत्त आणि एकटे. मी दोन्ही वेळा अग्नीला नमस्कार करणारा माणूस. परंतु मोटारीच्या पोटातील अग्नीविषयी मला जे काही कळते, ते केवळ अण्णांच्या कृपेने. "शास्त्रीबुवा," ते मला सांगत, "गाडी धावते तेव्हा वारा आपण होऊन जाळीत शिरतो. रांगते तेव्हा तो पंख्यानं ओढून आणावा लागतो. पंखा फिरतो पट्ट्यावर. पट्टा सैल, तर पंखा आळशी. पंखा आळशी, तर पाण्याला उकळी." मग ते अंगठ्याने पट्टा दाबून पाहत. त्या वेळी त्यांची मुद्रा नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखी गंभीर होई.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आज मोर्चा, उद्या सभा. रस्ते तुंबलेले आणि मोटारी रांगणाऱ्या. साहजिकच अण्णांना रुग्णांचा तोटा नव्हता. आमच्या वाडीतील महादेव टॅक्सीवाला तर त्यांना गुरूच मानी; त्याची टॅक्सी अण्णांनीच बरी केली होती.

मात्र अण्णांची स्वतःची काळी, बुटकी मोटार काही केल्या बरी होत नसे. त्याहून नवल असे, की ती चौपाटीवरच्या गर्दीत तापत नसे, भायखळ्याच्या कोंडीत तापत नसे. दर रविवारी मसाला आणायला म्हणून अण्णा लालबागला जात, तेव्हा तेथील एका चाळीसमोरच तिला नेमकी उकळी फुटे. आणि अण्णा तर मेतकूट-भात खाणारे! तो तिखट मसाला सगळा वाडीत वाटला जाई.

"अण्णा, लोकांच्या गाड्या बऱ्या करता, मग हिचंच काय?" महादेव विचारी.

"म्हातारी आहे रे. चालायचंच."

त्या चाळीत त्यांची धाकटी बहीण यमुना राहत असे. आईवडील लवकर गेले. तिला अण्णांनीच वाढविले, शिकविले. तिने गिरणीत कापड विणायचे साचे चालविणाऱ्या परजातीच्या तरुणाशी लग्न केले, त्या दिवशी अण्णा माझ्या देवघरात आले, माझ्याच पळीतील पाणी हातावर घेतले आणि संकल्प सोडला, "तिच्या घरचं पाणी पिणार नाही." त्याला कितीतरी वर्षे लोटली. वाडीत तिचे नावही कोणी काढीत नसे.

एका रविवारी मला परळला पूजा सांगायला जायचे होते. अण्णा म्हणाले, "चला, सोडतो." अण्णा स्नानाला गेले होते तेवढ्यात महादेवाने मोटारीचे झाकण उघडले, पट्टा ज्यावरून फिरतो तो डायनामो बाहेरच्या बाजूला ओढून पट्टा ताणला आणि बोल्ट आवळले. "गुरुदक्षिणा!" तो हसत मला म्हणाला. "पण शास्त्रीबुवा, बोल्टावर पान्याच्या खुणा ताज्या आहेत. परवाच कुणीतरी सैल केल्यासारख्या." मला त्यातून काही बोध झाला नाही.

लालबागला पोहोचलो तो समोरून मिरवणूक आली. "झालाच पाहिजे!" या गर्जनेने रस्ता भरून गेला. मोटार मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. अण्णा पुनःपुन्हा मान लांब करून पुढे पाहत होते. वाफेचा पत्ता नव्हता.

"आज तुमची म्हातारी अगदी शांत आहे," मी अभिनंदन केले.

"हो ना," अण्णा ओठ चावीत म्हणाले. "कशी काय तापत नाही?"

चाळ आली. अण्णांनी मोटार थांबविली, उतरून झाकण उघडले, पट्ट्यावर अंगठा दाबला आणि ते तसेच उभे राहिले. पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ होता.

तेवढ्यात जिन्यावरून एक स्त्री कळशी घेऊन उतरली. केस अर्धे पांढरे झाले होते, तरी यमुनेला मी ओळखले.

"उशीर केलास अण्णा. मिरवणुकीत अडकलास ना? मी केव्हाची भरून ठेवलीय." तिने मला वाकून नमस्कार केला. "दर रविवारी ह्याची गाडी माझ्या दारात पाणी पिऊन जाते, काका. हा मात्र कोरडाच."

"गाडीबद्दल संकल्प नव्हता," अण्णा माझ्याकडे न पाहता पुटपुटले.

त्यांनी फडके धरून टाकीचे झाकण हळूच फिरविले. आत पाणी काठोकाठ होते. यमुनेने डोकावून पाहिले.

"मग आज नको?"

अण्णांनी झाकण पुन्हा घट्ट बसविले.

"बरी झाली वाटतं गाडी. चांगलं झालं." ती जरा थांबली. "म्हणजे आता थांबायचं कारण नाही तुला." तिने रस्त्याकडेच्या गटाराकडे कळशी कलती केली.

"यमे, ओतू नकोस!"

अण्णांनी तेलकट हात कोटालाच पुसले. वाकून ओंजळ पुढे केली आणि तशाच अवस्थेत मान वळवून मला विचारले, "शास्त्रीबुवा, संकल्प मोडल्याला प्रायश्चित्त काय?"

"ग्रंथ पाहून सांगेन," मी म्हणालो. "तोवर पाणी प्या."

यमुनेने ओंजळीत धार धरली. बरेचसे पाणी अण्णांच्या कोटावरच सांडले.

संध्याकाळी वाडीत परतल्यावर अण्णांनी महादेवाला हाक मारली. तो भीत भीतच आला.

"पट्टा तू ताणलास?"

"हो, अण्णा."

"ठीक बसलाय," अण्णा म्हणाले. "राहू दे तसाच."