आप्पांची दोन मनगटं

भटूआप्पा भेटले की रामराम करत नाहीत, मनगट नाकाशी आणतात. आधी डावं, मग उजवं. "सांगा भाऊ, कोनता गोड शे?"

बमरोलीच्या आमच्या खोल्यांच्या ओळीत त्यांच्या तावडीतून कुणी सुटलेलं नाही. दूधवाला, शेअर रिक्षातली अनोळखी माणसं, एकदा तर शेजारच्या मयतीला आलेले पाहुणेसुद्धा. डाव्या हाताला एक स्वस्तातलं अत्तर, उजव्याला दुसरं. दोन्ही केशर-अंबर, दोन्ही चिकट गोड. डावं केशरी पेढ्यासारखं आणि उजवं कालच्या केशरी पेढ्यासारखं, एवढाच काय तो फरक. पण आप्पांचा थाट असा, की जणू लेकीला स्थळ बघताहेत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला लेक नातीला घेऊन माहेरी येणार, त्याआधी यातली एक बाटली घरात हवी, हा त्यांचा जप. अहो, मग घ्या ना एकदाची! पण नाही. रोज मिलमधली पाळी सुटली की अत्तरवाल्याकडे जायचं, फुकटात मनगटं माखायची आणि घरी येईपर्यंत लोकांचं डोकं खायचं. शेवटी अत्तरवाल्यानेच कंटाळून दोन्हींच्या नमुन्याच्या कुप्या त्यांच्या हातावर ठेवल्या, निदान दुकानाची पायरी तरी पुन्हा चढू नये म्हणून.

मी एकदा तडकून विचारलं, की देवाने तुम्हाला नाक दिलंय ते कशासाठी? तर म्हणाले, आपलं नाक आपलीच बाजू घेतं, खरं काय ते परक्याचं नाक सांगतं. वर हे तत्त्वज्ञान! मला तर या माणसाचा वीट आला होता.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या खोलीतून करपल्याचा वास सुटला. धावत आत गेलो. गॅसवर डाळीचा कोळसा झालेला, आणि हे महाशय तिकडे पाठ करून हातभर अंतरावर बसलेले, पुढ्यात त्या दोन कुप्या. मी गॅस बंद केला आणि तोंडाला येईल ते बोललो.

आप्पा पातेल्याकडे बघत हळूच म्हणाले, "माले वास येत नही, भाऊ. मिलना रंगखातामा नाक गयं. कोनले सांगू?"

गेल्या आखाजीला नात त्यांच्याजवळ आलीच नव्हती. आजोबांच्या अंगाला मिलचा वास येतो म्हणून आईच्या पदराआड लपून बसली होती. तेव्हापासून आप्पा कातडं सोलवटेपर्यंत साबण लावतात, पण वास गेला की नाही ते त्यांना कळत नाही. बायको असती तर तिला विचारलं असतं, म्हणाले.

मी त्यांची दोन्ही मनगटं धरून नीट हुंगली. केशर होतं, अंबर होतं, आणि दोन्हीकडे त्याखाली रंगखातं होतंच.

"उजवं घ्या," मी म्हणालो.

"मंग येई का ती मांडीवर?"

"येईल, आप्पा," म्हणालो, आणि त्यांच्याकडे न बघता ते करपलेलं पातेलं मोरीत नेऊन घासायला बसलो.