टोमण्यांचं उद्यापन

मागच्या चातुर्मासासाठी मी वांगं सोडलं, आणि त्याच संध्याकाळपासून आमच्या घरातले दिवे वांग्यावर चालू लागले. बाहेर भारनियमनाचा अंधार, आणि आमच्याकडे देवघरापासून मोरीपर्यंत लख्ख उजेड. मी देवीला हात जोडले आणि कणीक मळायला घेतली.

आठवड्याभरात ऊर्जा संशोधन केंद्रातून घैसासबाई आल्या. पुढच्या काळातली वीज कशातून काढायची, याचं संशोधन नागरिकांना सोबत घेऊन करायचं, असं केंद्राचं धोरण होतं. त्यांनी माझ्या मनगटाला मीटर बांधला.

"वांगं मनापासून आवडतं?"

"भरलेलं असलं तर जीव टाकते हो."

"तरीच विजेचा दाब इतका चांगला आहे."

मग सगळ्या आळीनं काही ना काही सोडलं. शेजारच्या कमलाकरभावजींनी कारलं सोडलं, पण त्यांचा दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

"जन्मात कधी कारलं खाल्लंय यांनी?" त्यांच्या बायकोनं घैसासबाईंना सांगितलं. "तपकीर सोडायला लावा!"

तपकीर सोडली, तसा त्यांचा पंप सुरू झाला.

अडलं ते आमच्याच घरी. मामंजींना श्वासासाठी प्राणवायूचं यंत्र लागतं. वीज गेली की ते बंद पडायचं आणि त्यांचे ओठ निळे पडायचे. वांग्यावर दिवे लागत, पण यंत्राला तेवढी वीज पुरेना. मी श्रीखंड सोडलं, झोपाळ्यावर बसणं सोडलं. यंत्र नुसतं घुरघुरलं.

तेव्हा सासूबाई जपमाळ ठेवून म्हणाल्या, "मी सुनेला टोमणे मारणं सोडते."

यंत्र चालू झालं. कोपऱ्यापर्यंतचे रस्त्यावरचे दिवेही लागले.

"एवढी आवड होती?" मामंजींनी विचारलं.

"तुम्ही श्वास घ्या," सासूबाई म्हणाल्या.

माझी आमटी खारट झाली की त्या घोटभर पाणी पीत, आणि आतल्या खोलीत यंत्राचा आवाज खणखणीत होई.

असं करत कार्तिकी द्वादशी आली. उद्यापनाला सोडलेली वस्तू आधी दान द्यायची, मग आपण घ्यायची. मी घैसासबाईंना पाटावर बसवून कुंकू लावलं, भरली वांगी दिली आणि स्वतः एक घास घेतला. घरातले दिवे गेले.

मी आतल्या यंत्राकडे कान लावून विचारलं, "बाई, सासूबाईंच्या व्रताला मुदतवाढ नाही का मिळणार?"

"व्रताला मुदतवाढ देण्याचा अधिकार केंद्राला नाही," घैसासबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग घैसासबाईंच्या ओंजळीत पळीभर पाणी सोडलं. "माझे सगळे टोमणे तुम्हाला दिले. मी परत घेणार नाही."

यंत्र चालूच राहिलं.

घैसासबाईंनी ओंजळ डोळ्यांना लावली, पानावर बसल्या आणि पहिल्याच घासाला म्हणाल्या, "मसाला बाजारात संपला होता वाटतं? की माहेरची पद्धतच अशी?"

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. आतून मामंजींचा चांगला मोठा आवाज आला, "मलाही एक वांगं वाढ गं!"

तर बाई, तूही काहीतरी सोड. जिवापाड आवडतं तेच सोड, कारल्यावर काही चालत नाही. देवी आमच्या मामंजींना पावली, तशी तुझ्याही माणसांना पावेल. नाव घैसासबाईंकडे द्यायचं. त्या चार शब्द बोलतील, तेवढे ऐकून घे.