मोहपाड्याच्या एकशे वीस चिंचोक्यांची परमुलखाची मोहीम

श्रीगजानन प्रसन्न, श्रीशारदा प्रसन्न, आणि खानदेश प्रांती ज्यांच्या सहीवाचून पान हलत नाही ते तालुक्याचे साहेबही प्रसन्न असोत.

मोठमोठ्या लढायांच्या बखरी पुष्कळ जाहल्या. हत्ती किती, घोडे किती, तोफा किती, हे लिहिता लिहिता लिहिणारांची बोटे झिजली. परंतु सातपुड्याच्या पायथ्याची एकशे वीस असामींची फौज विमानात बसोन परमुलखी गेली, तेथे कैद जाहली, सुटली, आणि एक सभा जिंकोन माघारी आली, हे कोणी लिहोन ठेविले नाही. सबब आम्ही लेखणी हाती धरिली. ज्यांस हे खोटे वाटेल त्यांनी मोहपाड्याच्या शाळेत जाऊन डबा मोजोन पाहावा. अर्थात मोजू दिला तर.

जिल्हे जळगाव, तालुके चोपडे, तेथोन वरती डोंगर लागतो, त्याचे पायथ्यास मोहपाडा म्हणोन वस्ती आहे. तेथे जिल्हा परिषदेची शाळा, खोल्या चार, पट एकशे अठरा. मुख्याध्यापक लोटन नाना, राहणार सोनगीर, प्रांत धुळे. आणि शिक्षिका श्रीमंत हेमलताबाई, राहणार पिंप्राळा, शहर जळगाव. बाई रोज आधी स्कूटर, मग यष्टी, मग कोणाची मिळेल त्याची मोटारसायकल, ऐशी तीन वाहने बदलोन घंटेच्या आत हजर होत, आणि नाना घरची कळण्याची भाकरी बांधोन येत. परंतु शाळेचा खरा अंमल या दोघांचाही नव्हे. तो स्वयंपाकखोलीतून चाले. तेथील मुखत्यार चमेलीबाई, काम खिचडी शिजविणे. अक्षराशी ओळख नाही आणि हिशेबात उभ्या तालुक्यात जोड नाही.

त्यांची रीत ऐशी की, खोलीच्या खिडकीत सुपात चिंचोके ठेवावे, येणाऱ्या प्रत्येक लेकराने एक उचलोन डब्यात टाकावा, आणि मग चमेलीबाईंनी डबा उपडा करोन दहा-दहाचे ढीग घालावे. ढिगामागे एक माप तांदूळ, सुट्ट्या चिंचोक्यामागे एक मूठ. खिचडी कधी उरली नाही आणि कधी पुरली नाही ऐसेही जाहले नाही. चिंचोके कुल एकशे वीस: एकशे अठरा लेकरांचे, एक बाईंचा आणि एक अवचित येणाऱ्या पाहुण्याचा. नानांची भाकरी घरची, सबब त्यांस चिंचोका नाही. सात वर्षांच्या हाताळणीने ते ऐसे गुळगुळीत जाहले होते की मुठीत धरिले तर सुटोन पळत. डब्यास दुसऱ्या कोणी हात लावावयाचा नाही, ऐसा कायदा होता, आणि एके समयी तपासणीस आलेल्या साहेबांनी झाकण उघडू पाहिले असता त्यांसही चमच्याच्या धाकाने मागे सरावे लागले होते.

हेमलताबाई पहिलीस शिकवीत. दशक-एकक समजविण्याकरिता त्यांनी तक्ते टांगिले, गाणी म्हटली, वरोन आलेले प्रशिक्षण तीन वेळा घेतले. लेकरे तक्त्याकडे पाहात आणि जांभया देत. मग एके दिवशी बाईंनी पाहिले की तीच लेकरे खिडकीशी उभी राहोन, आज सात ढीग आणि चार सुटे, म्हणजे चौऱ्याहत्तर जण जेवणार, ऐसे बिनचूक सांगताहेत. बाईंस आपल्या तक्त्यांची लाज वाटली. त्यांनी तक्ते गुंडाळोन कपाटावर टाकिले, वर्ग खिडकीशी नेला, आणि चार महिन्यांत अवघी पहिली शंभरापावेतो पक्की जाहली. ही हकिकत त्यांनी निबंधरूपे लिहोन परमुलखीच्या एका शिक्षक-प्रशिक्षण परिषदेस पाठविली, आणि तेथोन खलिता आला की, जातीने यावे आणि पंधरा मिनिटांत करोन दाखवावे. मुलखाचे नाव दफ्तरी आहे. उत्तरेस आहे, बर्फ पडते, आणि उच्चार खानदेशी जिभेस झेपत नाही, म्हणोन येथे लिहिले नाही.

मग परवान्यांची मोहीम जाहली. एका कचेरीने दुसरीकडे धाडिले, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरीने विचारिले की पहिलीत जाऊन आलात काय. ही मोहीम बाईंनी दोन महिन्यांत आणि एका चपलेच्या जोडात फत्ते केली. परंतु मोठा गड पुढेच होता. परिषदेत करोन दाखवावयाचे तर चिंचोके पाहिजेत, आणि बाजारातले नवे चिंचोके चालते. पण बाईंच्या मनाने घेतले की, जेथे ही विद्या उपजली तोच डबा सभेत ठेवावा, नाही तर ते उसने श्रेय होईल. मग धीर करोन त्या चुलीपाशी गेल्या आणि मागणी घातली. चमेलीबाईंनी कढई घासावयाची ती घासली, पदरास हात पुसले, आणि डबा बाईंच्या ओटीत ठेविला.

“बाई, एकशे वीस शेतस. मोजी ले. दिवाळीनी सुट्टी सरनी का शाळा उघडस, त्या दिनले बठ्ठा परत पाहिजेत.”

जिने साहेबास डबा उघडू दिला नाही तिने तो आपणांस नेऊ दिला, या गोष्टीने बाईंचा ऊर भरोन आला, आणि अवघे चिंचोके परत करावयाचे या कराराने त्याच क्षणापासोन धास्तीही बसली. निबंध फसला तर फसो, परंतु डबा पोचता न जाहला तर या चुलीपुढे उभे राहावयाचे तोंड उरणार नाही, हे त्यांनी ओळखिले.

सुट्टी लागताच स्वारी निघाली. नानांचा आग्रह की मुंबईची गाडी धुळ्याहोन धरावी आणि वाटेत सोनगिरास चहा घ्यावा. तेव्हा नानांच्या मोटारीतून शिरपुरावरोन आग्रा रस्त्याने दरकूच सोनगीर गाठिले, किल्ल्याच्या पायथ्याशी नानांच्या ओट्यावर मुक्काम पडला, आणि तेथे नानांनी चमेलीबाईंचा प्लास्टिकचा डबा पाहोन कपाळास आठ्या घातल्या. नानांचा हुकूम जाहला की, खानदेशाची फौज ऐशा डब्यातून परमुलखी जाणे शोभत नाही. सबब गावच्या तांबटाने घडविलेला, जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा पितळी डबा देण्यात यावा. बाईंनी नको म्हणोन पाहिले, परंतु सोनगीर हे पितळेच्या भांड्यांचे गाव, तेथील माणसापुढे पितळेस नको म्हणणे कोणास साधले आहे? फौज पितळेत गेली, जुना डबा नानांपाशी राहिला. पुढील अनर्थाचे मूळ हेच, हे वाचणारांनी ध्यानी ठेवावे.

विमानात बाईंस एक छापील कागद भरावयास मिळाला. त्यात प्रश्न होता की, सोबत बी-बियाणे आहे काय. बाईंनी तीळभर विचार न करता नाही म्हणोन खूण केली, कारण सरकारी शाळेत जे वर्गात वापरिले जाते ते शैक्षणिक साहित्य; बियाणे म्हणजे जे कृषी केंद्रात पिशवीत मिळते ते. जिल्हा परिषदेचा कोणीही गुरुजी हीच खूण करता.

मग परमुलखीच्या ठाण्यावर सामान यंत्रातून जाऊ लागले, आणि यंत्रास सोनगीरच्या पितळेपलीकडचे काही दिसेना. पडद्यावर नुसता काळा गोळा. घंटी वाजली, अंमलदार धावोन आला. गडी सहा फूट, आवाज मऊ, हातात निळे मोजे. त्याने बाईंस बाजूस घेतिले आणि झाकण उघडविले. ते उघडता उघडेना, आणि उघडले ते ऐसे की चाळीसेक शिपाई फरशीवर पसरले. बाई गुडघ्यांवर बसल्या, आणि भर ठाण्यात, परक्या लोकांच्या बुटांमधोन, एकेक चिंचोका वेचोन पदरात घेऊ लागल्या. अंमलदारही वाकोन वेचू लागला. मोजदाद केली ती एकशे वीस भरली, तेव्हाच बाई उठल्या.

परंतु अंमलदाराने फर्मान ऐकविले की, ही झाडाची बी आहे, ती या मुलखात उगवू शकेल, आणि कागदावर तर नाही म्हणोन खूण आहे. सबब माल जप्त, आणि सायंकाळी भट्टीत. भट्टी हा शब्द ऐकताच बाईंनी डबा पोटाशी धरिला. धुळ्यास बी.एड. करिताना शिकलेली इंग्रजी त्यांनी सगळी खर्ची घातली. पट सांगितला, खिचडी सांगितली, ढीग सांगितले. अंमलदार माणूस वाईट नव्हता. त्याने सर्व ऐकोन घेतिले आणि एकच पुसिले, ही बी उगवणार नाही याचा दाखला काय?

मग बाईंनी चमेलीबाईंस फोन लाविला. दैव ऐसे की चमेलीबाई त्या वेळी कपाशी वेचावयास गेल्या होत्या, आणि त्या शेताच्या बांधावरच तेवढी रेंज येते. बाईंनी रडवेल्या आवाजात पुसिले की, अक्का, चिंचोके कच्चे आहेत की भाजलेले? पलीकडोन ऐसा दम आला की अंमलदारानेही ऐकिला.

“भाजेल शेतस ना, बाई! कच्चा ठेवं ते किडा पडतस. तेस्ले सांग, खाई पाहा!”

हा हुकूम बाईंनी शिरसावंद्य मानिला. त्यांच्या डाव्या दाढेस जळगावच्या डॉक्टराने नुकतीच टोपी बसविली होती. त्यांनी देवाचे नाव घेतिले, एक चिंचोका उचलिला, उजवीकडे धरिला आणि दात दाबिले. कच्चा असता तर दात जाता. परंतु कडकन आवाज जाहला, चिंचोका फुटला, दाढ शाबूत राहिली, आणि बाईंनी तो सर्वांसमक्ष चावोन गिळिला. अंमलदार थक्क जाहला. मग त्याने इकडेतिकडे पाहिले, मोजा काढिला, एक चिंचोका आपण घेतिला आणि खाल्ला. पुष्कळ वेळ चावीत होता. शेवटी मान डोलावोन त्याने लिहोन दिले की, माल भाजलेला, उगवण्याजोगा नाही, नग एकशे अठरा, जाऊ द्यावे. फौज सुटली. दोन वीर कामी आले.

सभेचा वृत्तांत थोडक्यात लिहितो. दालन मोठे, पंडित देशोदेशींचे, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी. बाईंनी दारात डबा ठेविला आणि शिरणाऱ्या प्रत्येकास एक चिंचोका टाकावयास लाविले. मग मेजावर ढीग घातिले, आणि सांगितले की येथे शहात्तर माणसे आहेत. संयोजकांनी नम्रपणे कळविले की, संगणकातील यादीप्रमाणे सत्तर आहेत, चहाचे पेलेही सत्तरच मागविले आहेत. बाईंनी ढिगांकडे बोट दाखविले आणि चहाची वाट पाहिली. पंधरा मिनिटांनी चहा आला, आणि सहा पंडित रिकाम्या हातांनी उभे राहिले. तेव्हा जो टाळ्यांचा गजर जाहला तो मोहपाड्यापावेतो गेला नाही, कारण मध्ये अंतर फार. ही विद्या कोणाची, ऐसे पुसिले असता बाईंनी ताठ मानेने सांगितले की, आमच्या शाळेत खिचडी शिजविणाऱ्या चमेलीअक्कांची. मी फक्त ती पाहिली. मग सन्मानपत्रावर तेच नाव घालण्यात आले. त्यानंतर बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि मोजदाद होईतो कोणास बाहेर जाऊ दिले नाही. एका पंडिताच्या कोटाच्या खिशातून एक चिंचोका सोडविला, तो म्हणे आठवण म्हणोन नेत होता.

सुट्टी सरली, शाळा उघडली. बाई पहाटेच पिंप्राळ्याहोन निघाल्या आणि घंटेच्या आधी चुलीपुढे उभ्या राहिल्या. एका हाती डबा, दुसऱ्या हाती सोनेरी काठाचे सन्मानपत्र. पत्र पुढे केले असता चमेलीबाईंनी ते पाहिलेही नाही.

“कागद मंग दखाड. पहिले मोजू दे.”

डबा उपडा जाहला. ढीग पडू लागले. नाना दारात उभे, त्यांनीही भाकरीचे फडके खाली ठेविले. अकरा ढीग जाहले आणि आठ सुटे. चमेलीबाईंनी मान वर केली.

“दोन कमी शेतस.”

मग बाईंनी सगळे सांगितले; पितळ, यंत्र, भट्टी, दाढ, काही लपविले नाही. चमेलीबाई ढिगांकडे पाहात ऐकत होत्या. ऐकोन जाहल्यावर निवाडा दिला तो ऐसा:

“एक तुना व्हता, एक पावनाना. ज्याना त्यानी खादा. लेकरेस्ना बठ्ठा शेतस.”

आणि मग पुसिले, “पावनाले आवडना का?”

बाईंनी मान डोलावली आणि त्यांस हसू व रडू एकदम आले. सन्मानपत्र नानांनी वाचोन दाखविले. त्यातील आपले नाव तेवढे चमेलीबाईंनी त्यांस दोनदा वाचावयास लाविले, आणि मग ते धुरापासोन दूर, तांदळाच्या कोठीवर ठेविले. पितळी डबा नानांस परत गेला आणि जुना डबा चुलीपाशी परत आला. दुपारी खिचडी वाढावयाच्या वेळी बाईंनी ताट पुढे केले, तो चमेलीबाईंनी भरलेला डाव मागे घेतिला, कारण डब्यात बाईंचा चिंचोका नव्हता. अवघी शाळा हसली. मग त्यांनी निखाऱ्यावर दोन नवे चिंचोके भाजिले, फुंकोन गार केले आणि डब्यात टाकिले, तेव्हाच बाईंस खिचडी मिळाली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. फौज निघतेवेळी एकशे वीस, परततेवेळी एकशे अठरा, भरती दोन, हल्ली कायम एकशे वीस. त्यांपैकी पाहुण्याचा तो एक चिंचोका आजमितीस कोणास दिला जात नाही, तपासणीच्या साहेबांसही नाही. तो त्या निळ्या मोज्यांच्या अंमलदाराचा आहे. तो कधीकाळी चोपड्याच्या वरती आला, तर त्याने खुशाल यावे. त्याची खिचडी मोजलेली आहे.