पीतांबरी वायरिंग

पुंडलिकने किल्ली फिरवली, तर गाडी हूं नाही की चूं नाही. बॉनेट उघडलं तेव्हा कारण कळलं. इंजिनाचं सगळं वायरिंग उंदराने कुरतडून ठेवलं होतं.

"पिंजरा लावू काय गो?" त्याने बायकोला विचारलं.

"वर्षभर त्याचेच कान रंगवून पोट भरता, नि त्यालाच धरणार?" विमलबाई म्हणाली. हमरापुरात, गणपतीच्या कारखान्यात, बाप्पाच्या वाहनाला पिंजरा लावत नाहीत. उंदीर राहिला, वायरिंग गेलं.

एरवी गाडी महिनाभर पडून राहिली असती तरी कोणाचं काही अडलं नसतं. पण परवा लेकीला, प्रणिताला, पहिल्या बाळंतपणासाठी रोह्याहून आणायचं होतं. व्याही हैबतराव फोनवर मोठ्या मायेने म्हणाले होते, "तुमची गाडी जुनी. नाय जमलं तर आमची नवी हाय, आम्हीच आणून सोडू." लेक माहेरी यायची ती व्याह्यांच्या गाडीतून! पुंडलिकच्या ते फार जिव्हारी लागलं.

पेणच्या शिवा मेकॅनिकने भंगारातून तसलंच जुनं वायरिंग आणलं. "टोकं कापलेली हायेत काका, पण रंगाला रंग जोडला की झालं. घरी नेऊन पुसून ठेवा, उद्या बसवतो."

पुसायला घेतलं तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. रंग उडालेली वस्तू नुसती पुसून ठेवायला मूर्तिकाराचा हात तयार होईना. तपकिरी तार मळकट दिसत होती, तिला पीतांबराचा पिवळा दिला. करडीला शेल्याचा जांभळा दिला. संध्याकाळपर्यंत वायरिंग असं सजलं की विमलबाईने नकळत हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बिचाऱ्या शिवाने रंगाला रंग जोडला. गाडी सुरू झाली, पण ब्रेक दाबला की हॉर्न वाजे आणि हॉर्न दाबला की वायपर फिरे.

"काका, हे रंग कंपनीचे नायत," शिवाने कपाळाला हात लावला. "परत सोडवायचं तर चार दिवस जातील."

"ब्रेक लागतो ना?"

"लागतो."

"मग मी उद्या निघालो."

पेण ते रोहा खड्डे किती, ते मी काय सांगू? खड्डा आला की ब्रेक, ब्रेक आला की हॉर्न. त्यात हैबतरावांचं घर उतारावर आणि हँडब्रेक गेल्या वर्षीच गेलेला. ब्रेकवरचा पाय उचलता येईना, हॉर्न थांबेना. अख्खी आळी गोळा झाली.

"काय हो, लेकीला बोलवायची ही रीत झाली?" हैबतराव लालबुंद झाले.

पुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी जावयाने, नितेशने, चाकाखाली दगड लावला तेव्हा कुठे शांतता झाली. तेवढ्यात त्या आवाजाला कावलेला उंदीर बॉनेटखालून उडी मारून बाहेर आला आणि थेट हैबतरावांच्या पायांशी थांबला.

"बाप्पाचं वाहन गो बाय," विहीणबाई पुढे होत म्हणाल्या. "पोर माहेरी निघाली नि उंदीरमामा न्यायला आला. केवढा शकुन हाय."

हैबतराव वरमले. त्यांनी हात जोडले आणि आळीला बजावलं, "त्याला कोणी हात लावायचा नाय."

उंदीर तुरुतुरु त्यांच्या नव्या गाडीखाली शिरला. पुंडलिकने ते पाहिलं, पण व्याह्यांच्या घरात लक्ष घालणारे आपण कोण, म्हणून तो लेकीची बॅग गाडीत ठेवू लागला.

प्रणिता वाजतगाजत हमरापूरला पोचली. पाचव्या दिवशी रोह्याहून फोन आला. हैबतरावांचा आवाज फार मऊ होता.

"पुंडलिकराव, तुमच्या त्या मेकॅनिकचा नंबर देता काय?"

"देतो की," पुंडलिक मोठ्या मायेने म्हणाला. "आणि बारशाची काळजी करू नका. नाय जमलं तर आमची जुनी हाय, आम्हीच तुम्हाला न्यायला येऊ."