पियूषचे ब्रेक आणि मामाजींचा पोळा

"ब्रेक पॅडच्या बाबतीत अख्ख्या नागपुरात मले कोणी शिकवू नये!" असं पियूषनं नंदनवनातल्या चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं, तर त्याला तो अधिकारही होता. पंधरा दिवस पठ्ठ्यानं दुसरा विषयच काढला नव्हता! त्याच्या सायकलचे आधीचे रेझिनचे पॅड मऊ होते, मुके होते, पण पावसाळी चिखलात आणि मुरमाच्या रेतीत खोडरबरासारखे झिजून गेले. त्यापायी वाडीपलीकडच्या टेकडीवर तो असा आपटला की बायकोनं, रीनानं, निकालच लावला.

"आता एकदा जरी पडले, तर सायकल विकायची. घ्या शपथ!"

घेतली बिचाऱ्यानं. मग धातूचे पॅड आणले. ओल्यात, रेतीत तेच टिकतात. खोड एकच, ओले झाले की चिरकतात. आणि चिरकतात म्हणजे काय! पियूषनं फाटकाशी ब्रेक दाबला की समोरच्या सिंधूताई कुकर समजून गॅस बंद करायला धावायच्या.

"चिरकते म्हणजे पकडते!" पियूष छाती फुगवून सांगायचा.

पोळ्यासाठी सासरे आले होते, नत्थूजी. औंदा त्यांनी बैलजोडी विकली होती, आणि रिकाम्या गोठ्यासमोर सण काढणं त्यांच्यानं होईना. दिवसभर ते ओसरीवर बसून सायकलकडे बघत राहायचे. ती चिरकली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

"जवाईबापू, काहून रडून राहिली हे सायकल?"

"ते तसंच असते, मामाजी. तुमी टेन्शन नका घेऊ."

पोळ्याच्या सकाळी पियूष निघाला. दोस्त अनिशच्या गाडीमागं सायकल बांधली, आणि स्वारी थेट त्याच टेकडीवर! रात्रभर पाऊस झालेला. सायकल उतरवताना अनिश नाक वर करून म्हणाला, "काहून बे, पुरणपोळ्या आणल्या काय? तुपाचा वास येऊन राहिला!"

"भूक लागली तुले," पियूष म्हणाला, आणि उतारावर सुटला.

पुढचा ब्रेक दाबला. आवाज नाही! 'वा, बसले पॅड!' पियूष खूश. पण आवाजाबरोबर ब्रेकही नव्हता! सायकल सुसाट, आणि खाली नाल्यावर एक शेतकरी आपली बैलजोडी धूत उभा.

"सरका! अवो काका, सरका!"

बैल कुठले सरकतात! पियूषनं डोळे मिटून मागचा ब्रेक आवळला. असा चिरकला, असा चिरकला, की झाडावरचे बगळे उडाले! डोळे उघडले तेव्हा त्याचं नाक बैलाच्या वशिंडाला टेकलं होतं, आणि दोन्ही पाय जमिनीवर होते. पडला नव्हता! बैल निवांत पुढच्या चाकातली ब्रेकची चकती चाटत होता.

शेतकऱ्यानं वाकून चाक पाहिलं. "कारे भाऊ, सायकलची खांदशेकणी केली काय?"

पियूषच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात. आणि बैल विकून बसलेल्या मामाजींना चोळायला काल सायकलशिवाय होतं कोण?

तावातावानं घर गाठलं. सगळं भाषण तयार होतं. दारातच रीना.

"पडले?"

"नाही! शपथेवर सांगतो!"

मागं नत्थूजी उभे, हातात बैलांचे जुने गोंडे. "आता नाही ना रडत? काल चोळून देल्ली तिले. बैलाले म्हणतो तसंच, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हटलं. हात रिकामे रायले होते हो औंदा, जवाईबापू. बरं वाटलं."

भाषण राहिलं बाजूला! पियूषनं सायकल पुढं केली, आणि म्हाताऱ्यानं हँडलला मायेनं गोंडे बांधले.

"मामाजी," पियूषनं हळूच विचारलं, "मागच्या चाकाले काहून नाही लावलं?"

नत्थूजींनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बैलाले मागं खांदा असते काय?"

पियूष तिथंच वाकला, आणि लग्नातही केला नव्हता इतका मनापासून नमस्कार केला. टपरीवर आता कोणी ब्रेक पॅडचं विचारलं, तर तो चहा फुंकत म्हणतो, "मले काही समजत नाही गा. आमच्या मामाजीले विचारा!"