फ्रीजरातला नाखवा

नजमुद्दीनभाईंच्या आजोबांना कसर लागली आहे, हे पहिल्यांदा त्यांच्या मुलीच्या, जुनेराच्या, लक्षात आलं.

जुनेरा मुंबईच्या एका संग्रहालयात जुने कागद आणि फोटो सांभाळण्याचं काम करायची. रजेवर घरी आली आणि सवयीने भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू बघायला गेली, तर पुठ्ठ्यातून दोन चंदेरी किडे पळाले. फोटो नव्वद वर्षांपूर्वीचा, बसऱ्याच्या धक्क्यावर काढलेला. मागे गलबत, पुढे नऊ खलाशी आणि मधोमध खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून, नाखवा, गलबताचा कप्तान. म्हणजे नजमुद्दीनभाईंचे आजोबा. गावातल्या जमातीच्या नव्या सभागृहात, जमातखान्यात, हा फोटो लागणार होता आणि उद्घाटनाला तीन आठवडे उरले होते. नजमुद्दीनभाईंनी म्हसळ्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता आजोबांचा गुडघा कुरतडलेला दिसला असता, तर गावाने काय म्हटलं असतं?

जुनेराने उपाय सांगितला. फोटो दोन कोऱ्या पुठ्ठ्यांमध्ये ठेवायचा, एकावर एक अशा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत हवाबंद करायचा आणि चौदा दिवस कडक थंडीत ठेवायचा. किडे मरतात, अंडीही मरतात, आणि औषधाचा थेंब लागत नाही. घरच्या फ्रिजमध्ये तेवढी थंडी नव्हती. पण नजमुद्दीनभाईंचा मासळीचा धंदा होता आणि ओटीवर माणूस आडवा झोपेल एवढा फ्रीजर होता.

"आजोबांना मासळीत ठेवू?" नजमुद्दीनभाईंना ते पटेना.

"दर्यावर्दी माणूस होते, अब्बा. त्यांना सवय असेल."

जुनेराने फोटोचं तसं पाकीट केलं आणि पेन्सिलीने चिठ्ठी लिहून आत घातली, कारण शाई जुन्या कागदाच्या आसपासही नको असते. प्रकाशही वाईट, असं ती जाता जाता बोलली. ते नजमुद्दीनभाईंनी मनावर घेतलं आणि ती गेल्यावर पाकीट आणखी एका काळ्या पिशवीत गुंडाळलं. शिवाय फ्रीजरला कुलूप लावून चावी गळ्यातल्या तावीजाच्या दोऱ्यात ओवली. बायकोला, फिरोजाबींनासुद्धा, हात लावू द्यायचा नाही, असं ठरवलं.

चौदाव्या दिवशी जुनेराचा फोन आला. पाकीट आज बाहेर काढा, पण चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड फोटोला घाम सुटेल. नजमुद्दीनभाईंनी पाकीट बाहेर काढलं, कपाटावर धुतलेली दस्ती अंथरून तिच्यावर ठेवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी दाराशी एक मांजर बसलं. रात्री तीन झाली. सकाळी फिरोजाबींनी पदर नाकाला लावला.

"ओ, तुमच्या आजोबांना वास येतो."

"घाम येईल असं बोललीय ती. चोवीस तास व्हायचे हायत अजून."

"घाम न्हाय हा. मी चाळीस वर्षं तुमच्या घरात मासळी साफ करतेय, मला नका शिकवू."

चोवीस तास भरले तेव्हा जमातखान्याचे दोन कारभारीही फोटो बघायला येऊन बसले होते. नजमुद्दीनभाईंनी हात धुतले, कोरडे केले, बिस्मिल्ला म्हणून काळी पिशवी कापली. आत मसाला लावलेली दोन पापलेटं होती. कारभाऱ्यांनी चहा तसाच ठेवला आणि त्यांना अचानक कुठेतरी जायचं आठवलं.

मग हिशेब लागला. पाच दिवसांपूर्वी नजमुद्दीनभाईंचा भाचा फैझान कुवेतला परत गेला होता. कुवेतला जाणाऱ्याच्या सामानात गोठवलेली मासळी दिली नाही, तर त्या घराला गावात नावं ठेवतात. फिरोजाबींनी मसाला लावून, काळ्या पिशव्यांत बांधून, आठ पाकिटं फ्रीजरात ठेवायला दिली होती. निघायच्या पहाटे फ्रीजरातली आठ चाचपून थर्माकोलच्या खोक्यात भरली होती ती... फिरोजाबींनी नवऱ्याच्या गळ्याकडे पाहिलं.

"चावी कोणाजवळ होती?"

नजमुद्दीनभाईंनी कुवेतला फोन लावला. फैझान खुशीत होता. सहा पाकिटं खोलीतल्या पोरांनी दोन दिवसांत संपवली होती. उरलेली दोन आज काढली होती.

"त्यातलं एक चपटं हाय का?"

"एकदम चपटं, मामू. साईज पण मस्त. सकाळपासून बादलीत भिजत घातलंय, तरी सुटत न्हाय."

फिरोजाबींनी फोन काढून घेतला आणि मुंबईत जुनेराला त्यात जोडलं. सगळं ऐकून जुनेराने शांतपणे विचारलं की आतल्या दोन्ही पिशव्या शाबूत आहेत का. होत्या. तिने फैझानला पाकीट पाण्यातून काढून, पुसून, सपाट ठेवायला सांगितलं आणि पुन्हा चोवीस तास थांबायला.

"आणि उघडताना हात कोरडे आणि स्वच्छ ठेव. खोलीत त्या वेळी कोणी जेवायचं नाही."

ती रात्र नजमुद्दीनभाईंनी जागून काढली. फोटो आला नाही, तर जमातखान्याची मधली भिंत मोकळी राहणार होती आणि तिच्यासमोर उभं राहून गावाला तोंड द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर पाकीट उघडलं. फोटो कोरडा, सपाट, आजोबांचा गुडघा शाबूत. कीड नाही, डाग नाही. नजमुद्दीनभाईंनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. इतक्यात फैझानच्या खांद्यावरून एक पांढरी दाढी पुढे आली. खोलीतले सर्वांत वडील, दिघीकडचे सरफुद्दीनचाचा.

"अरे, हा तर आमचा फोटो," ते म्हणाले. "आमच्या घरी हाय हा, खाली सगळ्यांची नावं लिहिलेला. मधे खुर्चीवर आमचे दादा, अब्बांचे अब्बा, मोहिद्दीन नाखवा. तुमचे कोण यातले?"

फैझानने भीतभीत मामूंच्या आजोबांचं नाव सांगितलं.

"हां हां, ते हे. कडेला टोप घेऊन उभे हायत बघा. काय माणूस होता! त्यांच्या हातच्या आमटीवर गलबत बसऱ्याला पोचायचं, असं दादा सांगायचे."

फिरोजाबी मोठ्या कष्टाने अंगणातल्या नारळाकडे बघत होत्या.

चाचांना फार आनंद झाला होता. बुधवारी ते सुट्टीवर येतच होते. फोटो स्वतः मांडीवर घेऊन येईन, शुक्रवारी उद्घाटनाला हजर राहीन आणि गावाला एकेकाचं नाव सांगेन, असं म्हणून ते तिकीट दाखवायला आत गेले.

नजमुद्दीनभाईंनी घसा साफ केला.

"जुनेरा, नीट बंद केलेला फोटो फ्रीजरात किती दिवस राहतो?"

"नीट बंद असेल तर शंभर वर्षंसुद्धा, अब्बा. पण आता कशाला? तो बरा झालाय."

चाचा तिकीट घेऊन परत आले. नजमुद्दीनभाईंनी त्यांना अदबीने सलाम केला.

"चाचा, तुम्ही जरूर या. पण या वयात उगाच ओझं नका आणू. फोटोची काय घाई न्हाय."